विश्लेषण : दुसऱ्याची बोली ‘सुधारायची’ कुणी? ध्वनितज्ज्ञ पीटर लॅडेफोगेड यांचे उत्तर अर्धेच का पटते?

पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तला प्राध्यापक मराठी प्रेक्षकांच्या चांगलाच ओळखीचा आहे. फुले विकणाऱ्या मुलीचे उच्चार त्याच्या कानाला टोचतात आणि तिला ‘शुद्ध’ बोलायला शिकवण्याचा तो विडा उचलतो. हे नाटक १९७५ चे. ज्यावरून ते बेतले ते बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ १९१३ चे. या दोहोंच्या मध्ये, १९६४ साली, हॉलीवूडने याच गोष्टीवर ‘माय फेअर लेडी’ काढला आणि त्याला आठ ऑस्कर मिळाली.

त्या सिनेमातल्या प्राध्यापक हिगिन्सची प्रयोगशाळा खरी वाटावी म्हणून दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर यांना एक खराखुरा ध्वनितज्ज्ञ हवा होता. तो लॉस एंजेलिसमध्येच, यूसीएलए विद्यापीठात सापडला. पीटर लॅडेफोगेड नुकतेच तिथे रुजू झाले होते. पडद्यावर हिगिन्सच्या वहीत दिसणारी ध्वनिचिन्हे त्यांनी लिहिलेली आहेत आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रातून ऐकू येणारे स्वर त्यांच्याच गळ्यातून निघालेले आहेत.

गंमत अशी, की हिगिन्सला आवाज देणाऱ्या या माणसाने पुढची चाळीस वर्षे हिगिन्सच्या नेमके उलट काम केले. कुणाचाही उच्चार सुधारायला न जाता तो जसा आहे तसा टिपायचा, हे त्यांचे सूत्र होते. हे सूत्र त्यांनी इतके ताणले, की एखादी भाषा मरत असेल तर तिला वाचवा असे सांगण्याचाही अधिकार आपल्याला नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. आपली मुले आपल्या बोलीपासून दूर नेणाऱ्या प्रत्येक घराचा या भूमिकेशी संबंध आहे. महाराष्ट्रात अशी घरे कमी नाहीत.

नेमके कोण होते लॅडेफोगेड?

जन्म १७ सप्टेंबर १९२५, इंग्लंडमधील सटन. केंब्रिजमधले शिक्षण दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी सेवेमुळे मध्येच थांबले. युद्धानंतर ते एडिनबरा विद्यापीठात आले. कविता कानाला गोड का लागते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. त्याचे उत्तर शोधता शोधता ते डेव्हिड अॅबरक्रॉम्बी यांच्या ध्वनिशास्त्र विभागात पोहोचले आणि तिथलेच झाले. नंतर नायजेरियातील इबादान विद्यापीठ, पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांची पाहणी आणि १९६२ पासून यूसीएलए. तिथली ध्वनिशास्त्र प्रयोगशाळा त्यांनी उभी केली आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले.

‘अ कोर्स इन फोनेटिक्स’ हे त्यांचे १९७५ मधले पाठ्यपुस्तक जगभरचे विद्यार्थी आजही वापरतात. भारतीय वाचकाला त्यात एक ओळखीची गोष्ट भेटते. स्वरयंत्राच्या करामती समजावण्यासाठी लॅडेफोगेड यांनी हिंदी आणि सिंधीची उदाहरणे घेतली आहेत. ‘प’ आणि ‘फ’, ‘ब’ आणि ‘भ’ अशा चौकडीतला फरक इंग्रजी भाषकांना ऐकूही येत नाही. मराठी मूल मात्र तो पाटीवर गिरवायच्या आधीच शिकलेले असते.

आपल्याकडे ‘भ’ला सरसकट महाप्राण म्हणून ‘फ’च्या शेजारी बसवतात. लॅडेफोगेड यांचे म्हणणे होते, की या दोन ध्वनींतला ‘ह’कार एकसारखा नाही. ‘फ’च्या वेळी स्वरतंतू काही क्षण थांबतात. ‘भ’च्या वेळी ते सैल थरथरत राहतात आणि त्यांच्यामधून हवाही निसटते. घशावर बोट ठेवून दोन्ही उच्चारून पाहिले तर फरक जाणवतो. गंमत म्हणजे प्राचीन प्रातिशाख्यांनीही अशा ध्वनींमध्ये श्वास आणि नाद दोन्ही एकत्र असल्याचे नोंदवले होते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य या क्रमाने लावलेली आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. युरोपातल्या ध्वनिशास्त्राने एकोणिसाव्या शतकात या परंपरेकडून बरेच घेतले.

फुगा, सुया आणि बोलणारे यंत्र

लॅडेफोगेड यांचे सुरुवातीचे दोन प्रयोग आजही सांगण्यासारखे आहेत. त्या काळी एक सिद्धांत प्रचलित होता : आपण उच्चारतो त्या प्रत्येक अक्षरामागे छातीच्या स्नायूंचा एक स्वतंत्र धक्का असतो. ऐकायला पटणारा, पाठ्यपुस्तकांतही शिरलेला. लॅडेफोगेड यांनी एडिनबरातल्या दोन शरीरशास्त्रज्ञांना बरोबर घेतले. बोलणाऱ्याच्या बरगड्यांमधल्या स्नायूंत सुईसारखे इलेक्ट्रोड खुपसले, हवेचा दाब मोजायला अन्ननलिकेत छोटा फुगा सोडला आणि बोलायला लावले. अक्षरागणिक धक्का काही सापडला नाही. उलट छाती हवेने भरलेली असताना, वाक्याच्या सुरुवातीला, श्वास आत ओढणारे स्नायूच हवा रोखून धरण्याचे काम करताना दिसले. हे संशोधन १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो सिद्धांत मोडीत निघाला.

दुसरा प्रयोग त्याआधीचा, १९५७ चा. सहकारी होते मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्रॉडबेंट. कृत्रिम आवाज काढणाऱ्या यंत्राकडून त्यांनी एक वाक्य बोलून घेतले : हा शब्द कोणता ते सांगा, अशा अर्थाचे. त्यामागून एक शब्द. मग शब्द तोच ठेवून फक्त आधीच्या वाक्याचा ‘आवाज’ बदलला, म्हणजे वाक्य तेच पण बोलणारा निराळा वाटावा, असे त्यातले फॉर्मंट वरखाली केले. आधी ज्यांना ‘बिट’ ऐकू येत होते, त्यांनाच आता तोच ध्वनी ‘बेट’ ऐकू येऊ लागला.

फॉर्मंट म्हणजे काय? बाटलीत पाणी भरत जाताना तिचा आवाज बदलत जातो, कारण आतली हवेची पोकळी बदलत असते. तोंडाच्या पोकळीचेही तसेच. जीभ हलली की काही कंपने ठळक होतात, काही दबतात. या ठळक पट्ट्या म्हणजे फॉर्मंट. लहान मुलीची पोकळी छोटी, दणकट पुरुषाची मोठी, त्यामुळे दोघांच्या ‘इ’चे आकडे जुळत नाहीत. तरी आपण दोन्ही ‘इ’च ऐकतो, कारण समोरच्याच्या आवाजाचे माप कान आधी घेतो आणि मग स्वर ठरवतो. मोबाइलला आवाजी सूचना देताना तो आजोबांचे ऐकतो आणि नातीचे ऐकत नाही, असे होते तेव्हा अडचण याच प्रकारची असते. अभियांत्रिकीच्या वर्गात सिग्नल म्हणजे तरंग आणि समीकरणे. लॅडेफोगेड यांनी मात्र १९६२ मध्येच, गणिताची भीती वाटणाऱ्या भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ध्वनिलहरींवर एक छोटे पुस्तक लिहिले होते. ते अभियंत्यांनीही वाचावे असे आहे.

जिभेवर कोळशाची पूड

पण त्यांचे नाव झाले ते प्रयोगशाळेबाहेरच्या कामामुळे. एखाद्या ध्वनीसाठी जीभ टाळूला नेमकी कुठे टेकते, हे शोधायची त्यांची आवडती पद्धत अशी : कोळशाची बारीक पूड ऑलिव्ह तेलात कालवायची, बोलणाऱ्याच्या जिभेला ब्रशने लावायची, त्याला एकच शब्द म्हणायला सांगायचा आणि लगेच तोंडात आरसा धरून टाळूचा फोटो काढायचा. जीभ जिथे टेकली तिथे काळा डाग. वीज नसलेल्या गावातही हे जमते. अनोळखी माणसाच्या जिभेला कोळसा फासू देण्याइतका विश्वास मात्र मिळवावा लागतो.

कलहारी वाळवंटातल्या भाषांमधले चटके, म्हणजे आपण ‘च्‌ च्‌’ करतो किंवा घोड्याला हाकताना काढतो तसले ध्वनी, त्यांनी अँथनी ट्रेल यांच्यासोबत अभ्यासले. दक्षिण भारतात त्यांचे सहकारी होते पेरी भास्करराव. भास्करराव यांचे सुरुवातीचे ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केले आहेत. दोघांनी १९८३ मध्ये क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखवून दिले, की ‘ट’ हा मूर्धन्य ध्वनी सगळीकडे सारखा नाही. हिंदीत जिभेचे टोक वर टेकते, तर तमिळ-तेलुगूत जीभ आणखी मागे वळून तिची खालची बाजू टेकते. वर्णमालेत जागा एकच, जिभेची कसरत वेगळी.

निलगिरी डोंगरातल्या तोडा लोकांची भाषा हा या दोघांचा पुढचा मोठा विषय. बोलणारे हजार-दीड हजार. या भाषेत जीभ फडफडवून काढायचे तीन वेगवेगळे ‘र’ आहेत आणि प्रत्येकाचे साधे व तालव्य असे दोन प्रकार. ‘र’ बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. आपल्याला एक ‘र’ पुरतो. ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ एकाच अक्षराने लिहिण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ही अडचण निदान कळू तरी शकते.

असे करत करत १९९६ मध्ये इयान मॅडिसन यांच्यासोबत त्यांनी ‘द साउंड्स ऑफ द वर्ल्ड्स लँग्वेजेस’ हा ग्रंथ सिद्ध केला. जगातल्या भाषांत मिळून सहाशेच्या आसपास व्यंजने आणि दोनशेच्या आसपास स्वर असावेत, असा लॅडेफोगेड यांचा अंदाज होता. सिनेमातला हिगिन्स १३० स्वरांवरच छाती फुगवतो.

१९९२ मध्ये वाद कशावरून झाला?

अमेरिकेतल्या ‘लँग्वेज’ या नियतकालिकाने १९९२ मध्ये मरू घातलेल्या भाषांवर लेखमाला छापली. त्यात मायकेल क्राउस यांनी इशारा दिला, की एकविसाव्या शतकात जगातल्या नव्वद टक्के भाषा नष्ट होतील किंवा त्या वाटेला लागतील. भाषातज्ज्ञांनी स्वस्थ बसू नये, असा लेखमालेचा सूर होता.

त्याच वर्षी लॅडेफोगेड यांनी त्याच नियतकालिकात वेगळा सूर लावला. भाषा वाचवायची की नाही हा राजकीय निर्णय आहे आणि तो बोलणाऱ्यांचा आहे, असे त्यांचे म्हणणे. शास्त्रज्ञाने वस्तुस्थिती मांडावी, आग्रह धरू नये. आफ्रिकेतल्या नव्या देशांत जमातींची फाटाफूट हे खरे संकट असताना एका समान भाषेकडे जाणाऱ्या सरकारांना बाहेरच्याने चुकीचे ठरवू नये. तोडा तरुणांचेही उदाहरण त्यांनी दिले. पूर्वजांचा मान राखायचा, पण आधुनिक भारतात सामीलही व्हायचे, हा त्यांचा निर्णय लॅडेफोगेड यांना समजण्याजोगा वाटला.

सगळ्यांच्या लक्षात राहिला तो केनियातला दहालो बोलणारा बाप. मुले दहालो बोलतात का, असे विचारल्यावर तो हसून म्हणाला, की त्यांना कळते, पण ती बोलतात स्वाहिली. त्याला खंत नव्हती. मुले शाळेत गेली, आपल्याला ठाऊक नसलेले शिकली, याचा अभिमान होता. तो चुकला असे म्हणणारा मी कोण, असा लॅडेफोगेड यांचा सवाल होता.

या सवालात दम आहे. शहरातल्या सभागृहात बोलीच्या संवर्धनावर भाषण करून स्वतःच्या मुलांना इंग्रजी माध्यमात घालणाऱ्याने आदिवासी पालकाला मातृभाषेची महती सांगावी, यासारखा ढोंगीपणा नाही. पुढची वाट दाखवायची नसेल तर मागची वाट बंद करू नये, एवढी सभ्यता लॅडेफोगेड पाळत होते.

स्कॉटलंडमधल्या मासेमारांच्या गेलिक बोलीवर आयुष्य घालवलेल्या नॅन्सी डोरियन यांनी पुढच्याच वर्षी त्यांना उत्तर दिले. भाषा सोडण्याचा निर्णय एक पिढी घेते, पण नातवंडे मोठी झाल्यावर ती भाषा आपल्याला का दिली नाही असे विचारतात, हा त्यांचा मुद्दा होता. शिवाय भाषा सोडून देणाऱ्यांवर आधीपासून असलेला हिणवण्याचा दाब हिशेबात धरायला हवा.

हा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे आणि त्याचा एक पुरावा ध्वनिशास्त्रातूनच मिळतो. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या वारी आणि ओरो विन भाषांत एक दुर्मीळ व्यंजन आहे : ‘त्‌’ म्हणता म्हणता ओठ फडफडवायचे, लहान मूल तोंडाने गाडी चालवताना काढते तसे. लॅडेफोगेड आणि डॅनियल एव्हरेट यांनी १९९६ मध्ये अशाच दुर्मीळ ध्वनींवर निबंध लिहिला. हाच ध्वनी पुढे एव्हरेट यांना पिराहा भाषेतही आढळला. पिराहांमध्ये ते कित्येक वर्षे राहिले होते, तरी इतके दिवस तो कानावर पडला नव्हता. त्यांचा तर्क असा, की बाहेरचे लोक हा आवाज ऐकून हसतात, म्हणून पिराहा लोक परक्यासमोर तो काढतच नसावेत.

परक्याच्या हसण्याने जर एक व्यंजन लपवले जात असेल, तर अख्खी भाषा का लपवली जाणार नाही? दहालो बापाचे हसू अभिमानाचे होते, हे मान्य. पण शाळा, नोकरी, पोलीस ठाणे आणि बाजार यांपैकी कुठेही दहालो चालत नसताना त्याने केलेली निवड कितपत मोकळी होती? निर्णय बोलणाऱ्याचाच असावा, हे लॅडेफोगेड यांचे म्हणणे बरोबर आहे. निर्णय घेताना त्याच्यासमोर दोन खरे पर्याय असावे लागतात, हे त्यांनी पुरेसे मोजले नाही. हवेचा दाब मोजायला अन्ननलिकेत फुगा सोडणाऱ्या शास्त्रज्ञाकडून हा दाब सुटला.

महाराष्ट्राशी संबंध काय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्याच्या परिसरात निहाली भाषा बोलणारे दोन-अडीच हजार लोक आहेत. ही भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. इंडो-आर्य नाही, द्राविडी नाही, कोरकूसारखी मुंडा नाही. युनेस्कोने तिला अतिधोक्यातल्या भाषांत गणले आहे. निहाली लोक कोरकू, मराठी, हिंदी बोलतात, कारण बोलावेच लागते. निहालीत ना शाळा, ना सातबारा. उद्या तिथल्या एखाद्या बापाने मुलांशी मराठीत बोलायचे ठरवले, तर त्याला दोष देता येणार नाही. पण ‘त्याचीच इच्छा’ असे म्हणून हात झटकताही येणार नाहीत.

आणि हिगिन्स तर घरोघरी आहेत. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतात, मुलाखतीत त्याचे गुण जातात. ध्वनिशास्त्राच्या नजरेने ‘ण’ आणि ‘न’ यांत फरक जीभ कुठे टेकते एवढाच. ज्या बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो, तिथे तो नियमाने होतो. त्यात आळस नाही, अडाणीपणा नाही. लॅडेफोगेड यांच्या वहीत अशा मुलाच्या उच्चारापुढे एक चिन्ह पडले असते, लाल रेघ पडली नसती. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, कारण परीक्षा आणि कचेऱ्या तिच्यात चालतात. पण ती शिकवताना घरची बोली चुकीची ठरवण्याची गरज नसते. हे शिक्षकांना प्रशिक्षणातच सांगितले, तर त्याला फारसा खर्चही येणार नाही. हसू आवरायला अनुदान लागत नाही.

शेवटचा दौरा

निवृत्तीनंतरही लॅडेफोगेड थांबले नव्हते. ऐंशीव्या वर्षी, जानेवारी २००६ मध्ये, ते पुन्हा भारतात आले होते, तोडा भाषेच्या कामासाठी. परतीच्या प्रवासात लंडनमध्ये त्यांची प्रकृती बिघडली आणि २४ जानेवारीला त्यांचे निधन झाले.

भाषा वाचवा असा आग्रह न धरणाऱ्या या माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोळा केलेल्या दोनशेहून अधिक भाषांच्या ध्वनिफिती यूसीएलएने इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. सोबत हाताने लिहिलेल्या शब्दयाद्यांच्या प्रतीही आहेत. हेडफोन लावून मोबाइलवरही त्या ऐकता येतात. एकेक शब्द, बहुतेकदा दोनदा म्हटलेला, मध्ये थोडी शांतता, मग पुढचा शब्द.